पावलावरची फुली

बस सिग्नलला थांबली, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, आणि माझ्या बोटांखाली लोखंडी दांडा ठोके देत होता. बसमध्ये उभं राहताना मी दांडा मुठीत धरत नाही, कुणाकुणाचे हात लागलेले असतात. तीन बोटं नुसती टेकवतो. तीस वर्षांची खोड, दुसरं काय. आधी वाटलं इंजिनची थरथर असेल. पण इंजिन बंद होतं. मग वाटलं, मागं कुणीतरी दांड्यावर ठेका धरलाय. वळून बघितलं तर मागं एक बाई पिशवीवर मान टाकून पेंगत होती आणि एक गृहस्थ स्वतःची नखं तपासत होते. बोटं उचलली, पुन्हा टेकवली. ठोके होतेच, बारीक आणि नेमके. सवयीनं घड्याळ बघून मोजले, पंधरा सेकंदांत पंचवीस. अर्ध्या तासापूर्वी याच तीन बोटांनी मी दादाच्या डाव्या पावलावर सव्वीस मोजले होते आणि खाली सही करून आलो होतो. लोखंडाला नाडी नसते. सिग्नल सुटला, बस हलली, आणि दांडा नुसता थरथरायला लागला, सगळ्या बसचे दांडे थरथरतात तसा.

माझं काम पायातल्या रक्तवाहिन्या तपासायचं. लोक आमच्या विभागात लंगडत येतात आणि सांगतात, शंभर पावलं टाकली की पोटरी धरते, थांबलं की सुटते, पुन्हा शंभर पावलं, पुन्हा धरते. आत धमनीत थर साचून वाट बुजलेली असते. मी यंत्र लावून रक्ताचा आवाज ऐकतो, दंडाचं आणि घोट्याचं प्रेशर घेतो, आणि कुठं बुजलंय ते सर्जनसाहेबांना सांगतो. ते जांघेतून तार घालतात, तारेवरून फुगा नेतात, फुगा फुगवून वाट मोकळी करतात आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून जाळीची नळी बसवून ठेवतात. विभागात मला नावानं कुणी हाक मारत नाही. 'खातरजमा' म्हणतात. खातरजमा आले का, खातरजमांना दाखवलं का. मला ते आवडतं, कबूल करायला काय हरकत आहे. कुणी डावा पाय म्हटलं तरी मी चादर उचलून बघतो. हातात कागद असला तरी पेशंटला त्याच्याच तोंडून नाव सांगायला लावतो. लिफ्टवर माझा भरवसा नाही, म्हणून चार मजले जिन्यानं चढतो. घराला कुलूप लावून खाली उतरलो की एकदा तरी परत वर जाऊन ओढून बघतो. बायको म्हणते, "यम आला तरी तुम्ही आधी त्याचं ओळखपत्र मागाल." मागेन. चुकीच्या घरी आला असेल तर?

फुलीची पद्धत मीच पाडलेली. पाय मोकळा करायच्या आधी दोन्ही पावलांवर नाडी शोधायची आणि जिथं लागते तिथं पेनानं फुली मारायची, म्हणजे नंतर दर अर्ध्या तासानं नर्सला अंधारात चाचपडायला नको. फुलीवर बोट ठेवायचं, लागते का बघायचं, तक्त्यावर लिहायचं. आज सकाळी दादाच्या पावलांवर मी फुल्या मारल्या. डाव्या पायाची नाडी इतकी क्षीण होती की यंत्राच्या आवाजावरून जागा धरावी लागली. पेन टेकवलं तसा त्यानं पाय आखडला. लहानपणापासून त्याला पायाला गुदगुल्या होतात. "मत देतोयस का मला?" तो म्हणाला. "पडणार तू," मी म्हणालो. वहिनी हसली नाही. साडेबाराला सर्जनसाहेब हात पुसत बाहेर आले, "झकास" म्हणाले. त्यांचा आणि माझा वीस वर्षांचा संबंध, पण 'झकास' म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. आत जाऊन पडद्यावरचं शेवटचं चित्र मी दोनदा बघितलं. जाळीच्या खालच्या टोकाला केसाएवढी सावली होती. "हे काय?" "काही नाही, राहू दे," साहेब म्हणाले. मी राहू दिलं. एक वाजता नाडी लागली, चांगली टणक. दोनला लागली. तीनलाही लागली, वॉर्डातल्या पोरीनं बघितली आणि लिहिलं.

पोरगी म्हणजे तिथली नर्स. दोन वर्षांपूर्वी आली, बोलत नाही फारशी, म्हणून सगळे तिला 'मुकी' म्हणतात. तिला हे काम मीच शिकवलं. साडेतीनला मी खालून चार मजले चढून वर आलो तेव्हा ती दादाच्या पायाशी वाकलेली होती. "सर, डावीकडं मला लागत नाहीये." "तीनला तूच लिहिलंयस ना?" "हो. तेव्हा लागत होती. आता पाऊलही गार वाटतंय." "एसी बघ किती ठेवलाय. सरक." मी फुलीवर बोटं ठेवली. "डॉपलर आणू का?" तिनं विचारलं. डॉपलर म्हणजे ते हातात धरायचं छोटं यंत्र, रक्त वाहत असेल तर फुसफुस आवाज देतं. मी म्हणालो, "हातच्या काकणाला आरसा कशाला?" आणि लागली मला. स्पष्ट लागली. मोठ्यानं मोजली, तिला धडा मिळावा म्हणून. सव्वीस. मोजत असताना तिचं पायाकडं लक्ष नव्हतं. ती वर बघत होती, दादाच्या उशामागं, आणि मग माझ्या गळ्याकडं. मला वाटलं कॉलरवर काहीतरी सांडलंय. "लागते. लिही," मी म्हणालो. तिनं पेन पुढं केलं. "तुम्हीच लिहा, सर." दादा छताकडं बघत पडला होता. तो तिला म्हणाला, "हा म्हणतोय ना लागते, मग लागते." मी लिहिलं, सही केली, वेळ टाकली.

पुढच्या थांब्यावर उतरलो. माझा थांबा आणखी पाच थांबे पुढं होता. उतरता उतरता वॉर्डाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. त्या वॉर्डात फोन टेबलावर असतो आणि टेबलापाशी कुणीतरी असतंच, हे मला माहीत आहे, म्हणजे उचलायचा नाही असं ठरलं होतं. परतीच्या बसची वाट न बघता चालायला लागलो. दुकानांच्या काचांतून मी चालताना दिसत होतो, खांदे वर घेतलेला, चोरासारखा. तिनं सही का केली नाही? सरळ आहे. उद्या काही झालं तर कागदावर माझं नाव राहावं. आणि मला घरी घालवायची घाई किती. "सर, तुम्ही जेवून या, मी आहे." पाच मिनिटांनी परत, "सर, जा ना, मी आहे ना." दिवसभरात चार वाक्यं बोलणारी पोरगी एकच वाक्य दोनदा बोलते, तेव्हा त्यात काहीतरी असतं. मी दारातून मागं बघितलं तेव्हा ती हालली नव्हती. हात फोनपाशी, आणि डोळे दारावर. मी जातोय का ते बघत होती. वहिनीचंही तेच. "भाऊजी, थोडं पडून या, डोळे बघा कसे झालेत." माझे डोळे बघायला तिला आजच सवड मिळाली. आणि दादा. सिगारेट सोडली म्हणतो. गेल्या महिन्यात त्याचा कोट खुंटीला लावताना मी वास घेतलाय. आणि ती सावली, आणि ते 'राहू दे'. एकेकाला धरून आणून मी मनात उभं करत होतो आणि एकेक जण निसटत होता, कारण सगळ्यांना बाजूला केलं तरी तो दांडा उरतच होता.

पायाला सहा तास असतात. तेवढा वेळ रक्त पोचलं नाही तर पाय परत आपला होत नाही. आधी दुखतं, मग मुंग्या येतात, मग काही वाटेनासं होतं. पेशंट म्हणतो आता बरं आहे, आणि ते बरं वाटणं सगळ्यात वाईट. तीनला नाडी होती. समजा सव्वातीनला गुठळी अडकली. आता सव्वाचार. हिशेबानं अजून वेळ होता, पण तक्त्यावर 'लागते' लिहिलेलं, खाली खातरजमाची सही, मग पुढच्या पाळीची नर्स ते वाचणार आणि म्हणणार, त्यांनी बघितलंय ना, मग असेल. माझी सही असली की दुसरं कुणी बघत नाही, हे मीच इतक्या वर्षांत करून ठेवलेलं. दिव्याखाली अंधार, तो असा. मी चालत होतो ते पळायला लागलो. या वयात आणि या बुटांनी माणूस पळायला लागला की रस्त्यातले लोक आधी त्याच्या मागं बघतात, कुणी पाठलाग करतंय का म्हणून.

बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, दादा चोवीसचा. दुपारची वेळ, पुढच्या खोलीत खाट. बाबांचा श्वास दिसेना म्हणून मी त्यांचं मनगट धरलं, अंगठ्यानं, कुणीही धरेल तसं. आणि लागली. "लागतेय, दादा, लागतेय, डॉक्टरला आण." तो पळाला. चपला दारातच राहिल्या. मी मनगट सोडलं नाही. अर्धा तास मी ते ठोके मोजत बसलो होतो आणि आईला सांगत होतो, आहे, आहे, चालू आहे. डॉक्टर आले, त्यांनी डोळ्यात बॅटरी मारून बघितलं, आणि मग माझ्या हाताकडं बघितलं. "अंगठ्यानं बघत होतास? अंगठ्याला स्वतःची नाडी असते, बाळा. यांना जाऊन तास झाला असेल." आईनं ते ऐकलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मला कुणी काही बोललं नाही. पुढं दादानं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, धाकट्यानं शेवटपर्यंत हात धरला होता, बाबा त्याच्या हातात गेले. डॉक्टर बोलले तेव्हा तो दारातच उभा होता. मग हे तो का सांगत होता, मला वाचवत होता की चिमटा काढत होता, हा संशय मी चौतीस वर्षं बाळगलाय आणि त्याला कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून मी अंगठा वापरत नाही. तीन बोटं वापरतो. बोटांनाही स्वतःची नाडी असते, विशेषतः चार मजले चढून आल्यावर, छातीत धडधडत असताना, आणि समोरच्या पायात नाडी असावी अशी फार फार इच्छा असताना; हे मी दर वर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. त्या पोरीलाही सांगितलं होतं. दुसरा हात स्वतःच्या मानेवर ठेवा, म्हणालो होतो, दोन्ही ठोके एकदम पडले तर समजा तुम्ही स्वतःलाच तपासताय. सगळे हसले होते. ती हसली नव्हती, तिनं वहीत लिहून घेतलं होतं.

वॉर्डात शिरलो तेव्हा खाटेची जागा रिकामी होती. खाटच नव्हती, चाकांचे ओले माग तेवढे होते. वहिनी खुर्चीत बसली होती, हातात दादाचा चष्मा. "आत नेलंय परत," ती म्हणाली. "तुम्ही गेलात आणि पाच मिनिटांत साहेब धावत आले. मला काही सांगत नाहीत. पाय राहील ना, भाऊजी?" मी राहील म्हणालो नाही. आज दिवसभरात तेवढंच एक शहाणपण केलं. टेबलावर तक्ता होता. साडेतीनसमोर माझं 'लागते', माझी झोकदार सही. त्याच्याखाली दहा मिनिटांनी, बारीक सरळ अक्षरात: डावी लागत नाही, डॉपलरवर आवाज नाही, पाऊल गार, फिकट, सर्जनना कळवले. खाली तिची सही. माझ्या नोंदीला तिनं हात लावला नव्हता, खाडाखोड नाही, काही नाही. फक्त समासात दोन आकडे लिहिले होते. एकशे चार. बासष्ट.

ती हातमोजे काढत आली. मला बघून थांबली. "मी जायची वाट बघत होतीस तू," मी म्हणालो. "हो, सर." एवढं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. "तुम्ही असताना फोन केला असता तर तुम्ही करू दिला नसता. म्हणाला असतात, मी बघितलंय." "माझा फोन का नाही उचललास?" "फोन वाजला तेव्हा आम्ही खाट ढकलत होतो." मी तक्त्यावर बोट ठेवलं. "हे आकडे?" ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही सव्वीस मोजलेत. म्हणजे मिनिटाला एकशे चार. मॉनिटरवर त्यांचे बासष्ट दिसत होते. आणि तुमच्या मानेवरची शीर उडत होती, सर. तुमच्या मोजण्याबरोबर." म्हणजे कॉलरवर काही सांडलेलं नव्हतं. "तेव्हाच बोलायचं नाही का?" "बोलले असते तर तुम्ही परत मोजलं असतंत. परत सव्वीसच आले असते. वाद घालत बसायचं नाही, साहेबांना फोन करायचा, असं तुम्हीच सांगितलंय." मला तिचा राग आला. लाजही वाटली, आणि दोन्हींच्या खाली कुठंतरी असं वाटलं की हिचे पाय धरावेत. यातलं काहीच केलं नाही. खुर्ची ओढून वहिनीशेजारी बसलो आणि दोघांनी मिळून दाराकडं बघितलं. मध्येच वहिनी म्हणाली, "न्यायच्या आधी तासभर त्यांनी दात आवळले होते. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही."

सहाला साहेब बाहेर आले. जाळीच्या खालच्या टोकालाच गुठळी धरली होती. नळीनं ओढून काढली, खाली आणखी एक जाळी बसवली, रक्त बोटांपर्यंत पोचलं. 'झकास' म्हणाले नाहीत. "वेळेत कळलं," म्हणाले, "कुणी पकडलं?" "तिनं," मी म्हणालो. "तक्त्यावर लागते म्हणून तुझी सही आहे." "माझी चूक झाली." वीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा बोललो. ते म्हणाले, "माझीही. ती सावली मी राहू द्यायला नको होती," आणि हात धुवायला गेले.

दादाला परत आणलं. तोंड सुकलं होतं, पण डोळे टक्क उघडे. वहिनीनं त्याला चष्मा लावला, तेव्हा त्यानं आधी तिला आणि मग मला बघितलं. वहिनी पाणी विचारायला बाहेर गेली. मी पायाशी उभा राहिलो, जवळ जाववेना. "दुखत होतं तुला?" "हां." "कधीपासून?" "तू यायच्या आधीपासून. तू आलास तेव्हा चांगलंच दुखत होतं." "मग बोलला का नाहीस?" "तू म्हणालास ना लागते." जणू यात न कळण्यासारखं काय आहे, अशा सुरात. "आणि त्या पोरीसमोर तुला खोटं कशाला पाडू? तुझी नोकरी आहे इथं." "पाय गेला असता, दादा." "तू म्हणालास म्हणून मला वाटलं जाणार नाही." तो दमला, थांबला, जिभेनं ओठ ओले केले. मग छताकडं बघत म्हणाला, "बाबांच्या वेळीपण असंच." मला वाटलं गुंगी असेल. "बाबांच्या वेळी काय?" "त्यांचा हात गार होता रे. पळायच्या आधी मी धरून बघितला होता, दुसरा हात." चौतीस वर्षं जे विचारलं नव्हतं ते आता तोंडातून आपसूक आलं. "मग पळालास कशाला?" "तू लागतेय म्हणत होतास ना," दादा म्हणाला. "तेव्हापण मला वाटलं, असेल."

बोललो असतो तर रडलो असतो, आणि ती पोरगी खाटेच्या दुसऱ्या बाजूला तक्ता घेऊन उभी होती. दादानं चादरीखालून डावा पाय थोडासा हलवला. "बघ की आता. लागते का?" मी तिच्याकडं बघितलं. ती बाजूला झाली. माझी फुली धुण्यात पुसून गेली होती. तिनं नवी काढली होती, माझ्यापेक्षा बोटभर खाली, बारीक आणि नेटकी. पाऊल कोमट होतं. उजव्या हाताची बोटं फुलीवर ठेवली आणि डावा हात स्वतःच्या मानेवर. मानेवर माझी धावत होती. पायावर आधी काहीच नाही. बोटं सैल केली, नुसती टेकवली, आणि वाट बघितली. मग आली, सावकाश, माझ्याशी काहीही संबंध नसलेली. माझे तीन होईतो तिचे दोन. मी पूर्ण मिनिट मोजलं, आणि मोजून झाल्यावरही बोटं उचलली नाहीत. "लागते," मी म्हणालो. दादानं डोळे मिटले. पोरीनं पेन काढलं, पण लिहिलं नाही. तिनं माझा हात हळूच बाजूला केला, स्वतःची दोन बोटं फुलीवर ठेवली, मॉनिटरकडं बघत पूर्ण एक मिनिट मोजलं, आणि मग लिहिलं.